भोर-वेल्ह्याचे दुर्ग आणि विद्युद्भाराची मीमांसा

सिंहगडाच्या पुणे दरवाजाने आत शिरल्यावर उजव्या हातास एक दगडी इमारत लागते. ती गडाचे दारूकोठार होय. ११ सप्टेंबर १७५१ रोजी ह्या कोठारावर वीज पडली, साठविलेल्या दारूचा स्फोट झाला आणि गडाच्या फडणिसाचे घर उद्ध्वस्त होऊन आतील सर्व माणसे प्राणास मुकली. सिंहगडाच्या इतिहासात तानाजी मालुसऱ्यांचे बलिदान आणि राजाराम महाराजांचे देहावसान ह्या दोन घटनांनी इतकी जागा व्यापली आहे, की ह्या अपघाताचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपला जातो. तथापि ज्या वर्षी तो घडला ते वर्ष, ज्या ऋतूत घडला तो ऋतू आणि ज्या डोंगरावर घडला त्याची रचना, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे त्या ओळीत बराच अर्थ भरलेला आहे असे आढळून येते.

प्रथम स्थळाविषयी. सिंहगड आज हवेली तालुक्यात मोडतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो भोर-वेल्ह्याच्या मुलखापासून वेगळा काढता येत नाही. गडाच्या माचीवरून नैऋत्येस पाहिले असता तोरणा व राजगड समोर उभे राहतात आणि डोंगराच्या धारेवरून चालत जाणाऱ्यास आजही तिन्ही गड एका वाटेने जोडता येतात. राजकीय संबंध तर त्याहूनही निकटचा होता. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण ह्यांस सचिवपद मिळाले आणि त्यांच्या घराण्याकडे पुढे भोरची जहागीर चालत आली. सिंहगड त्याच सचिवांच्या ताब्यात होता. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४९ च्या डिसेंबरानंतर, सातारच्या दरबारी जी उलथापालथ झाली तिच्यात १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी सिंहगड पंतसचिवांकडून घेतला आणि मोबदल्यात तुंग व तिकोना हे किल्ले दिले. तेव्हा वीज पडली त्या वेळी गड नुकताच भोरकरांच्या हातून पेशव्यांच्या हाती आला होता. सत्तांतरानंतर इतक्या थोड्या काळात असा अनर्थ घडल्यावर त्यात दैवी संकेत पाहणारे लोक असणारच. तो काळ लक्षात घेता तसे न होणेच आश्चर्याचे ठरले असते.

आता वर्षाविषयी. १७५१ च्या एप्रिलात लंडन येथे बेंजामिन फ्रँकलिन ह्याचे विद्युत्प्रयोगांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग आहे व त्यास त्याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. परंतु विद्युद्भार म्हणजे काय ह्या प्रश्नाचे पहिले सुसंगत उत्तर आणि सिंहगडचा स्फोट ह्या दोन गोष्टी एकाच वर्षात पडाव्यात, हे तुलनेस सोयीचे मात्र आहे.

घासलेला तृणमणी गवताची काडी ओढून घेतो ही गोष्ट फार प्राचीन. संस्कृतातील ‘तृणमणी’ आणि फारसीतील ‘काहरुबा’, म्हणजे काडी हिरावणारा, ही दोन्ही नावे त्याच अनुभवावरून पडली. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने हा गुण एकट्या तृणमण्याचा नसून काच, गंधक, लाख इत्यादी अनेक पदार्थांत आहे असे दाखविले आणि लोहचुंबकाच्या ओढीपासून तो वेगळा काढला. ओटो फोन गेरिके ह्याने गंधकाचा गोळा फिरवून व हाताने घासून विद्युत् उत्पन्न करण्याच्या प्रयोगाचे वर्णन १६७२ मध्ये छापले. इकडे त्याच सुमारास स्वराज्याची राजधानी राजगडावरून रायगडास नेली जात होती. १७२९ मध्ये स्टीफन ग्रे ह्याने हा गुण सुतळीतून दूरवर नेता येतो आणि रेशमाच्या दोरीने अडविता येतो असे दाखविले. वाहक व दुर्वाहक हा भेद तेव्हापासूनचा. पुढे १७३३ मध्ये द्यु फे ह्याने काचेवरील विद्युत् आणि लाखेवरील विद्युत् ह्या दोन निराळ्या जाती असून सजातीय परस्परांस दूर लोटतात व विजातीय जवळ ओढतात असा नियम मांडला.

फ्रँकलिनने ह्या दोन जातींऐवजी एकच द्रव्य कल्पिले. घर्षणाने काही नवीन उत्पन्न होत नाही. एका वस्तूतील द्रव्य दुसरीत जाते, एकीकडे आधिक्य होते, दुसरीकडे तितकीच न्यूनता. धन आणि ऋण ह्या संज्ञा त्यानेच रूढ केल्या. आज हे द्रव्य म्हणजे इलेक्ट्रॉन होत हे ठाऊक आहे आणि त्यांचा भार फ्रँकलिनच्या संकेतानुसार ऋण ठरला आहे. म्हणजे ज्यास त्याने आधिक्य म्हटले तेथे वस्तुतः इलेक्ट्रॉनांची न्यूनता असते. परंतु ही चूक केवळ नावांची होय. विद्युद्भार निर्माण होत नाही, त्याचे स्थलांतर होते, हा मूळ विचार जसाच्या तसा टिकला आहे.

‘चार्ज’ ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ओझे भरणे, लादणे असा असून बंदुकीत वा तोफेत दारू भरण्यासही तोच शब्द आहे. लीडन बरणीत विद्युत् भरण्याच्या क्रियेस तो शब्द लागू झाला, आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या तेव्हा फ्रँकलिनने त्या संचास तोफखान्यावरूनच ‘बॅटरी’ म्हटले. मराठीतही तोफेत ‘बार भरणे’ असाच प्रयोग आहे. शास्त्रीय परिभाषेने स्वीकारलेला ‘भार’ हा शब्द विद्यार्थ्याच्या मनात वजनाशी घोटाळा करतो ही तक्रार खरी. पण ओझे, भरणे आणि लादणे ह्या अर्थच्छटांचा विचार करता तो मूळ शब्दाला फारसा परका नाही. सिंहगडच्या प्रसंगी तर विद्युतेचा भार आणि दारूचा बार अक्षरशः एकमेकांवर येऊन आदळले.

एखादी वस्तू विद्युद्भारित होण्याचे तीन मार्ग पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असतात: घर्षण, स्पर्श व प्रवर्तन. पैकी घर्षणाचा अनुभव मावळातील लोकांस पुस्तकांवाचून होता. हिवाळ्याच्या कोरड्या रात्री लोकरीची घोंगडी अंगावरून झटकन ओढली असता अंधारात बारीक ठिणग्या चमकतात व चटचट असा आवाज येतो. तीच घोंगडी पावसाळ्यात असे काही करीत नाही, कारण दमट हवेत तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर जमतो व साठू पाहणारा भार त्यावरून निसटून जातो. घासणे ही क्रिया येथे दिसते तितकी आवश्यक नाही. दोन भिन्न पदार्थ एकमेकांस टेकून विलग झाले तरी इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात. घासण्याने स्पर्शबिंदूंची संख्या तेवढी वाढते. कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन देतो व कोणता घेतो ह्याचे कोष्टक प्रयोगांनी तयार झाले आहे. परंतु विद्युद्वाहक नसलेल्या पदार्थांच्या बाबतीत हे देणे-घेणे नेमके कशामुळे होते, हा प्रश्न इतक्या जुन्या विषयातही पूर्णपणे सुटलेला नाही.

तिसरा मार्ग प्रवर्तनाचा, आणि दुर्गांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. भारित वस्तू दुसऱ्या वस्तूस न शिवता नुसती जवळ आणली, तरी दुसरीतील भार विभागले जातात. विजातीय भार जवळच्या टोकाकडे ओढला जातो, सजातीय दूर ढकलला जातो. गडगडाटी ढगाच्या खालच्या भागात सामान्यतः ऋण भार असतो. असा ढग डोंगरावर आला म्हणजे जमिनीच्या पृष्ठावर धन भार गोळा होतो, आणि तो सपाटीवर सारखा न पसरता उंचवट्यांवर व टोकांवर दाटतो. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०३ मीटर उंच असून पुणे जिल्ह्यातील गिरिदुर्गांत सर्वांत उंच गणला जातो. सिंहगड सुमारे १३१२ मीटर. अशा माथ्यावरील बुरूज, निशाणकाठी, एकटे झाड किंवा उभा माणूस हे प्रवर्तित भाराचे टोक बनते. ढगातून खाली उतरणारी विजेची वाट जमिनीच्या जवळ आली, की अशा टोकांवरून तिला सामोरी जाणारी शाखा वर उठते आणि दोहोंचा संगम झाला म्हणजे मार्ग पुरा होतो. मग एका निमिषाच्या अंशात हजारो अँपिअरांचा प्रवाह त्या मार्गाने जातो. तीस हजार अँपिअर ही त्यात असाधारण गोष्ट नव्हे.

पायाळू माणसावर वीज पडते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. जन्मतः पाय आधी बाहेर येण्याचा विद्युद्भाराशी काही संबंध नाही हे उघड आहे. पण वीज काही विशिष्ट लक्ष्ये निवडते, ती यदृच्छया पडत नाही, हे निरीक्षण ह्या समजुतीच्या मुळाशी असावे. निवडीचे कारण मात्र उंची व आकार ह्यांत न शोधता जन्मात शोधले गेले. ह्याच्या उलट दिशेने जाणारी एक आधुनिक समजूतही येथेच तपासली पाहिजे. देवळांचे धातूचे कळस म्हणजे पूर्वजांनी योजलेले वीजवाहकच होत, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. कळसापासून जमिनीतील ओलाव्यापर्यंत धातूची अखंड वाट असल्यावाचून कळस रक्षण करीत नाही. तो केवळ विजेला बोलावतो. तशी वाट ठेवल्याचा पुरावा दाखविल्यावाचून हे विधान इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही.

ढगात भार येतो कोठून? येथे ह्या प्रदेशाचा भूगोलच प्रश्न उभा करतो. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टात पाऊस अहोरात्र कोसळतो. कानद व गुंजवणी दुथडी वाहतात, तोरणा दिवसचे दिवस ढगात बुडालेला असतो. असे असूनही त्या दिवसांत गडगडाट क्वचितच ऐकू येतो. विजांचा कडकडाट होतो तो चैत्र-वैशाखातील वळवाच्या पावसात, मृगाच्या आगमनापूर्वी, आणि पुन्हा पाऊस परतू लागला म्हणजे भाद्रपद-आश्विनात. हस्त नक्षत्रास ‘हत्ती’ म्हणून त्याच्या गडगडाटाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. पाऊस जितका अधिक तितक्या विजा अधिक, असे असते तर ह्याच्या नेमके उलट घडावयास हवे होते.

गंमत अशी की ह्याविषयीची एक प्रसिद्ध मीमांसा हिंदुस्थानातच जन्मास आली आणि ती पावसाच्या थेंबांवरच उभारलेली होती. जॉर्ज सिम्सन हा हवामान खात्यातील शास्त्रज्ञ सिमल्यास असता त्याने पावसाच्या पाण्याबरोबर येणारा विद्युद्भार मोजला व १९०९ मध्ये आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. मोठे थेंब वरच्या दिशेने वाहणाऱ्या हवेत फुटतात, फुटताना पाण्यावर धन भार राहतो व हवा ऋण भार घेऊन वर जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्या हिशेबाने ढगाचा खालचा भाग धन असावयास हवा. सी. टी. आर. विल्सन ह्याने जमिनीवरून केलेल्या मापनांवरून नेमका उलट निष्कर्ष काढला, आणि हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. मुंबईस कुलाबा वेधशाळेचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी ह्यांनी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांच्या विद्युत्क्षेत्राची मापने १९३० च्या सुमारास प्रसिद्ध केली, ती ह्याच वादाच्या ओघात. अखेर १९३७ मध्ये सिम्सन व स्क्रेस ह्यांनी फुग्यांबरोबर उपकरणे थेट ढगात पाठविली. वर धन, मध्ये ऋण आणि तळाशी धन भाराचा एक लहान कप्पा, असे चित्र त्यांतून निघाले. विल्सनचे म्हणणे मुख्यतः खरे ठरले, आणि ते सिद्ध करण्यात सिम्सनचाच हात होता, ही शास्त्राच्या इतिहासातील एक सुंदर घटना मानली पाहिजे. दरम्यान १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात.

भारविभाजनाची आज सर्वाधिक मान्य असलेली उपपत्ती पाण्याच्या थेंबांवर नसून बर्फावर आधारलेली आहे. १९५७ मध्ये रेनॉल्ड्स व त्याच्या सहकाऱ्यांनी आणि १९७८ मध्ये ताकाहाशी ह्याने प्रयोगशाळेत दाखविले, की मऊ, भुसभुशीत गारा व सूक्ष्म हिमस्फटिक ह्यांची टक्कर अतिशीत जलबिंदूंच्या सान्निध्यात झाली, तर दोहोंवर परस्परविरुद्ध भार येतात. तपमान शून्याखाली दहा ते पंधरा अंशांहून कमी असले म्हणजे सामान्यतः गारेवर ऋण व स्फटिकावर धन भार येतो. हलका स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातो, जड गार खाली राहते आणि ढगाचे दोन ध्रुव तयार होतात. घोंगडीत जे घडते त्याच्याशी ह्याचे नाते उघड आहे: दोन पृष्ठभागांचा स्पर्श, मग वियोग. वियोग घडविणारे बळ मात्र येथे वारा आणि गुरुत्व ह्यांचे असते.

हे मान्य केले म्हणजे वेल्ह्याच्या पावसाचे कोडे उलगडते. महाराष्ट्रावर पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असते. सह्याद्रीच्या अडथळ्याने वर चढलेले मोसमी ढग पुष्कळदा त्या पातळीच्या थोडेच वर जातात किंवा खालीच राहतात. त्यांतील पाऊस थेंबांच्या मीलनातून पडतो, बर्फाचा भाग अल्प. टक्कर द्यावयास गारा व स्फटिकच नसतील तर भार विभागणार कोण? वळवाचा ढग ह्याहून निराळा. तापलेल्या जमिनीवरून उठलेली हवा त्यास बारा-चौदा किलोमीटरांपर्यंत नेते, त्यात गारा बनतात आणि भारविभाजनाची सर्व सामग्री सिद्ध होते. पाऊस परतताना वाऱ्याची दिशा बदलते, मधून मधून ऊन पडते, जमीन तापते, आणि तीच स्थिती पुन्हा येते.

सिंहगडच्या घटनेची तारीख ह्या चौकटीत नीट बसते. ११ सप्टेंबर ही तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची मानली तर आजच्या गणनेने ती २२ सप्टेंबर होईल. कोणत्याही गणनेने ती मोसमी पावसाच्या उतरत्या काळातच पडते. जुलैच्या मुसळधारेत असा अपघात नोंदला गेला असता तर नोंदीबद्दल शंका घेण्यास थोडी जागा होती.

राहिला प्रश्न कोठाराच्या रचनेचा. दारूकोठार दगडी, भक्कम व कोरडे असावे लागते, आणि नेमके हेच गुण विजेच्या दृष्टीने घातक आहेत. कोरडा दगड दुर्वाहक. विजेला भिंतीतून सुगम वाट न मिळाल्यास ती भिंतीवरील ओल, लोखंडी कड्या-कोयंडे, आतील भांडी अशा तुकड्या-तुकड्यांच्या मार्गाने उड्या घेत जाते, आणि प्रत्येक उडीत ठिणगी असते. एका ठिणगीस दारू पुरे. शिवाय कोठार ज्या डोंगरावर उभे, तो काळ्या कातळाचा. नदीकाठच्या मळईत भार सहज पसरतो, तसा तो कातळात मुरत नाही. गडावर पाण्याची टाकी आहेत हे खरे. परंतु ती अभंग खडकात खोदलेली असल्याने भूगर्भातील ओलाव्याशी त्यांचा संबंध अल्प. म्हणून त्या कोठारावर फ्रँकलिनची टोकदार सळई उभी केली असती, तरी तेवढ्याने काम भागले नसते. डोंगराच्या उतारावरून बरीच खाली, ओल्या मातीपर्यंत धातूची पट्टी न्यावी लागली असती.

आणि तशी सळई १७५१ मध्ये युरोपातही नव्हती. फ्रँकलिनने घरे, प्रार्थनामंदिरे व जहाजे ह्यांसाठी टोकदार सळ्यांची सूचना केली होती. परंतु ढगातून विद्युत् उतरविण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये मार्ली येथे प्रथम यशस्वी झाला तो १० मे १७५२ रोजी, सिंहगडच्या स्फोटानंतर आठ महिन्यांनी. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रिचमन हा शास्त्रज्ञ अशाच प्रयोगात विजेने मरण पावला. त्यानंतरही दारूकोठारे असुरक्षितच राहिली. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे प्रार्थनामंदिराच्या तळघरात साठविलेल्या दारूवर वीज पडून शहराचा मोठा भाग नष्ट झाला. त्या धक्क्यानेच १७७२ मध्ये इंग्लंडमधील पर्फ्लीट येथील दारूकोठारांसाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली. फ्रँकलिन व कॅव्हेंडिश तिच्यात होते. सळईचे टोक अणकुचीदार असावे की बोथट, ह्यावर समितीतील बेंजामिन विल्सन ह्याने भिन्न मत दिले आणि वाद राजदरबारापर्यंत गेला. १७७७ मध्ये सळ्या असूनही पर्फ्लीटच्या एका इमारतीस वीज चाटून गेली; हानी किरकोळ झाली, वाद मात्र पेटला.

हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे सिंहगडच्या अपघाताकडे मराठ्यांच्या शास्त्रीय मागासलेपणाचे उदाहरण म्हणून पाहणे न्याय्य ठरत नाही. १७५१ मध्ये ते अज्ञान सार्वत्रिक होते. आक्षेप घ्यावयाचाच झाला तर तो पुढील काळाबद्दल घेता येईल. १७५१ पासून पेशवाईच्या अखेरपर्यंत सदुसष्ट वर्षे गेली. फ्रेंच व इंग्रज तोफखान्यांचे ज्ञान पुण्याने ह्या काळात पैसे मोजून मिळविले. तोफा ओतणारे व कवायत शिकविणारे युरोपीय नोकरीस ठेवले. दारू पेटविण्याची विद्या अशी उत्सुकतेने आणली गेली. दारू न पेटू देण्याची विद्या त्याच युरोपीयांच्या देशांत तोवर उपलब्ध झाली होती; ती मागविण्याची गरज भासली असे दिसत नाही. मराठी वाचकास भौतिक शास्त्रांची ओळख होऊ लागली ती राज्य गेल्यावर. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० मध्ये निघाले.

आज ह्या डोंगरी मुलखावरील विजांची नोंद यंत्रे घेतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात वीस संवेदकांचे जाळे उभारले. वीज चमकताच निघणाऱ्या विद्युच्चुंबकीय तरंगांच्या आगमनकाळातील फरकावरून तिचे स्थान ठरविले जाते. ‘दामिनी’ ह्या भ्रमणध्वनीवरील प्रणालीने ती सूचना सामान्य माणसापर्यंत पोहोचविण्याची सोय केली आहे. कानद खोऱ्यात किंवा हिरडस मावळात वैशाखातल्या दुपारी नांगरट करणारा शेतकरी मात्र ढग येताच सवयीने बांधावरच्या एकट्या आंब्याखाली उभा राहतो. झाडाचा बुंधा आणि ओले अंग ह्यांत ओले अंग हा अधिक चांगला वाहक आहे. बुंध्यातून उतरणारी वीज वाटेत माणसाकडे उडी घेते, कोठारातल्या दारूकडे तिने घेतली तशीच. उघड्यावर सापडलेल्याने झाडापासून दूर, खोलगट जागी, पाय जुळवून उकिडवे बसावे आणि जमिनीवर आडवे होऊ नये, हा त्यावरचा उपाय. कारण वीज पडल्यावर जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचा दाब दोन पायांतील अंतराबरोबर वाढत जातो, आणि चार पायांची गुरे ह्याच कारणाने माणसापेक्षा अधिक संख्येने दगावतात.